दहा इस्त्र्या आणि एक संथ गाणं

“वाचताना थोडं रडू आलं तरी चालेल,” दौरा समितीचे अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी माझ्या भाषणाचा कागद माझ्याकडे परत सरकवला. “उलट बरंच. देणगीदारांचं मन हलतं.”

मी लिहिलं होतं की शाळेच्या गायनवृंदात मी खालच्या सुरात गाते आणि परदेशात तीन शहरांत गायचंय या विचारानेच मला रात्री झोप येत नाही. अध्यक्षांना ते नको होतं. त्यांनी लाल पेनाने नवा मजकूर सुचवला होता : वडील नाहीत, आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत इस्त्री करते, घर एका खोलीचं. सगळं खरंच होतं. पण ओळीने मांडल्यावर आमचं घर पिळून कोपऱ्यात टाकलेल्या फडक्यासारखं दिसायला लागलं. आणि आमचं घर तसं नाहीये! आमच्या घरात आई भांडीसुद्धा तालात घासते.

“तुझं तिकीट समिती काढणार,” अध्यक्ष म्हणाले. “मग समितीसाठी एवढं नाही करायचं?”

संध्याकाळी आईने कागद दोनदा वाचला.

“कोण गं ही बाई?”

“तूच की.”

“अगंबाई! मला ओळखूच आली नाही.” तिने कागदाची चार पदरी घडी घातली, वरून गरम इस्त्री फिरवली आणि ती घडी टेबलाच्या आखूड पायाखाली सारली. टेबल डुगडुगायचं थांबलं. “सांग त्यांना, आमच्याकडे रडणं मिळत नाही, इस्त्री मिळते. शनिवारी शाळेच्या पटांगणात टेबलं मांडा. ज्याला दौऱ्यासाठी पैसे द्यायचेत त्याने चुरगळलेले कपडे घेऊन यावं.”

“पण आम्हाला इस्त्री कुठे येते?”

“गाणं तरी पोटातून शिकून आला होतात का?”

संगीताच्या बाई हे ऐकून इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा पडला. त्यांनी दहा घरांतून दहा इस्त्र्या गोळा केल्या.

शनिवारी आई टेबलांमधून सेनापतीसारखी फिरत होती. “आधी कॉलर, मग बाह्या, पोट शेवटी. अरे खांबा,” हे आमच्यातल्या सगळ्यात उंच मुलाला, “शर्ट आहे तो, म्हैस नव्हे! रगडतोस काय असा?” तिचा एकच नियम होता : गाणी म्हणायची ती झपझप चालीची. “संथ गाणं नको. हात गाण्यामागे जातो आणि कपडा जळतो.”

लोक आले, आणि किती आले! दातांची डॉक्टरीण आठ कोट घेऊन आली. एक आजोबा फक्त एक रुमाल घेऊन आले आणि पाच गाणी होईपर्यंत हलले नाहीत. “होऊ दे सावकाश, रुमालच तर आहे.”

दुपारी आई पाणी आणायला आत गेली आणि अध्यक्ष आले. त्यांनी एक पांढराशुभ्र, भारीतला शर्ट माझ्या टेबलावर ठेवला. “हे काय धावपळीचं गाणं? ते संथ म्हणा ना, ज्याने लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी ‘नको’ म्हणून मान हलवली नाही. इथेच चुकलं माझं. गाणं सुरू झालं.

त्या गाण्याचा शेवटचा सूर सोळा मात्रा धरायचा असतो. तीन वर्षं बाईंनी आम्हाला घोटून शिकवलंय की सूर धरला की पापणीसुद्धा हलवायची नाही. आम्हा तिसांतलं कोणीच हललं नाही. माझी इस्त्रीही हलली नाही, आणि ती नेमकी त्या शर्टावर टेकलेली होती.

वास सगळ्यात आधी आजोबांना आला.

“म्हणूनच सांगत होतो, सरळ भाषण कर!” अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. “समितीच्या पैशांवर जाणाऱ्या मुलीने...”

आई पाण्याचा तांब्या घेऊन परत आली. तिने इस्त्री उचलली, शर्टाच्या छातीवरचा तपकिरी डाग पाहिला. “किंमत बोला.”

त्यांनी सांगितली. आईने पर्स उघडून पैसे मोजले आणि शर्ट उचलला. “आता हा माझा.”

माझा आवाज कुठून तरी खालून, माझ्या नेहमीच्या सुरात आला. “मी भाषण करणार नाही. त्यासाठी दौऱ्यातली जागा जात असेल तर जाऊ द्या.”

“हिचा खालचा सूर नसेल तर आम्ही वर कशावर उभं राहायचं?” खांब म्हणाला. “मग मीही नाही येत.” त्याने इस्त्री उभी करून ठेवली. बाकीच्या आठ जणांनीही ठेवल्या, आईने शिकवल्यासारख्या, टोक आभाळाकडे.

“ए, माझे तीन कोट राहिलेत!” डॉक्टरीणबाई ओरडल्या.

बाईंनी चष्मा पुसला. “समितीच्या पैशांशिवाय तीन शहरं नाही जमली तर एका शहरात गाऊ. पण जाऊ तर तीसच्या तीस.”

आणखी चार शनिवार आम्ही इस्त्र्या फिरवल्या. एका शहरापुरतं जमलं.

निघायच्या सकाळी आई कामावरून अर्ध्या तासाची सुट्टी घेऊन शाळेच्या फाटकाशी आली, तोच शर्ट घालून. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि छातीवर इस्त्रीच्या आकाराचा डाग.

“अगं, ठिगळ तरी लावायचंस.”

“का? कोणापासून लपवायचंय?”

अध्यक्ष पालकांशी हात मिळवत तिच्यापर्यंत आले आणि त्यांना एकदम खिशात काहीतरी शोधावंसं वाटलं. आईने हात पुढेच धरून ठेवला. शेवटी त्यांनी तो हातात घेतला.

आम्ही बसच्या खिडक्यांतून झपझप चालीचं गाणं सुरू केलं. तिने आम्हाला व्यासपीठावर कधीच ऐकलेलं नाही, तिची कामाची वेळ नेहमी आड येते. पहिलं कडवं संपेपर्यंत ती थांबली. मग तिने शाळेच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि बस हलायच्या आधीच लाँड्रीच्या दिशेने चालू लागली. शर्टाच्या पाठीवर एकही सुरकुती नव्हती.