तोंड फिरवलेले जोडे

पातिगुलला त्या दुपारी एकच काम दिलं होतं, आणि तिला ते अगदीच पोरखेळ वाटलं होतं. आत बायकांचा चहा चालू असताना दारात बसायचं, कुणी परकं आलं तर मोठ्यांदा सलाम ठोकायचा. बस्स. शाळेच्या वादविवादात पहिली आलेली मुलगी ती. सलाम काय, भाषण ठोकलं असतं तिनं.

अल्माटी शहराच्या कडेच्या त्यांच्या वस्तीत बायकांचा चहा दर महिन्याला असतोच, आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. आजचा मात्र नावापुरता. आत दावूत वकील कॅमेरा लावून बसले होते, आणि सीमेपलीकडे ज्यांची माणसं तिथल्या सरकारनं उचलून नेली होती त्या बायका एकेक नाव घेऊन साक्ष देत होत्या. पातिगुलची आई रिसालत आज आपल्या भावाचं नाव घेणार होती. चार वर्षं तिनं ते घरातसुद्धा उच्चारलं नव्हतं. तीही पलीकडूनच आलेली. राहण्याचा परवाना पुढच्या महिन्यात संपत होता. कुणी चुगली केली की परवानाही गेला अन् आईही.

बसल्या बसल्या पातिगुलनं सवयीनं पाहुण्यांचे जोडे ओळीत लावले, टाचा दाराकडे, तोंडं रस्त्याकडे. निघताना पाहुण्याला ते वळवायला लागू नयेत, अशी रीत. एकोणीस जोड. मधोमध वकिलांचे काळे बूट, होडीएवढे. तेवढं तिच्या ध्यानातच आलं नाही.

फाटक वाजलं आणि वस्तीचा फौजदार येरमेक आत आला, तेव्हा आलं. बायकांच्या चहाला पुरुष फिरकत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

तिनं सलाम ठोकला. आतले आवाज गपकन थांबले, मग कुणीतरी उगाचच खिदळलं.

"बहिरा नाही गं मी, पोरी." फौजदारानं ओळीवरून नजर फिरवली. "हे कुणाचे?"

"बाबांचे."

"तो तर रशियात कामाला."

"गोठ्यात जायला मीच घालते, काका." आणि तिनं त्यात पाय सारले. बूट आतून अजून ओलसर होते, दुसऱ्याच्या घामानं.

"गोठ्यात, अन् पॉलिश करून? जा की मग. गाय वाट बघत असेल."

ती फटक फटक चालत गेली. गोठ्यात गाईच्या मानेला मिठी मारून उभी राहिली. वादविवादातला एकही शब्द आठवेना. पुन्हा फाटक वाजलं, तेव्हा कुठं परतली.

फौजदार गेला होता. पण उरलेल्या अठराच्या अठरा जोडांची तोंडं आता दाराकडे होती. प्रत्येकाला हात लावून, सावकाश, एकेक मोजून फिरवलेले.

आई बाहेर आली. कितीतरी दिवसांनी तिचे खांदे सैल दिसत होते. "तुझा सलाम ऐकून सगळ्या थांबल्या," ती हळूच म्हणाली, "मी नाही थांबले. कुजबुजत तुझ्या मामाचं नाव घेतलं, पण घेतलं. तुर्गान." मग तिची नजर खाली गेली. "हे कुणी फिरवले?"

पातिगुलनं सांगितलं.

आई उंबऱ्यावर बसली. एक चप्पल उचलून तिनं रस्त्याकडे वळवली.

"बूट काढ आधी," ती म्हणाली. "वकिलांना दे, मागच्या दारानं जाऊ देत. मग आत सगळ्यांना सांग, तो आपल्याला मोजून गेलाय. काही लपवू नकोस."

पातिगुल वाकली. नाडीच नसलेले बूट, तरी तिला ते काढता येईनात.