एकदाच दाबलेला भोंगा

मी एक जुना भोंगा आहे. पुढे पितळेचं तोंड, मागे रबराचा काळा फुगा. फुगा दाबला की मी ओरडतो. मित्रांनो, मला एवढं एकच काम येतं, आणि तेही ऐन वेळी माझ्या हातून नीट झालं नाही.

माझे मालक पाववाले होते. त्यांच्या सायकलवर बसून मी चाळीस वर्षं गल्लोगल्ली हिंडलो. बंद घरापुढेही ते मला वाजवायचे आणि म्हणायचे, "कुलपाला भूक लागली असली तर?" एखादं मूल रुसलेलं दिसलं की पाव माझ्या तोंडाशी धरायचे. "थांब हं, आधी याला भरवतो." मूल हसलं की पाव त्याचा. सगळी मुलं त्यांना पोंपों आजोबा म्हणायची.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि सायकल गेली. मला मात्र त्यांनी सोडलं नाही. पलंगाच्या कठड्याला तारेने घट्ट बांधलं. शेजारच्या खोलीत त्यांची नात अभ्यासाला बसायची. दोघांनी खुणा ठरवल्या. दोनदा वाजलो तर चहा. तीनदा वाजलो तर गंमत सांगायची आहे, सवडीने ये. एकदाच, पण लांब वाजलो तर हातातलं टाकून धावत ये. ही शेवटची खूण कधी लागलीच नाही. गंमत मात्र दिवसातून दहा वेळा असायची.

"तो खिडकीतला कावळा मघापासून मला डोळा मारतोय."

"आजोबा, एवढ्यासाठी बोलावलंत?" असं म्हणून ती कपाळावर हात मारायची आणि तिथेच बसून राहायची.

मग माझ्या रबराला चीर पडली. लांब दाबलं की हवा तुटायची आणि आवाजाचे तुकडे व्हायचे. आजोबांना हे पहिल्यांदा कळलं तेव्हा नात शाळेत होती. ते पोट धरून हसले. "म्हातारपणी खोकला लागला की रे तुला! रविवारी नवा फुगा बसवू." रविवार आला आणि गेला. ते विसरले, आणि मला बरंच वाटलं. आपण त्यांना हसवलं या आनंदात मी फुशारून गेलो होतो. त्यापेक्षा पार मुका झालो असतो तर बरं झालं असतं. मुका भोंगा लगेच दुरुस्तीला जातो.

एका दुपारी घरात दोघंच होती. नात नकाशा रंगवत होती. आजोबांच्या छातीत कळ आली. त्यांनी मला मुठीत धरलं आणि सगळा जीव एकवटून दाबलं. एकदाच. मी ओरडलो, पों, पों, पों.

"आले हो आजोबा! एवढा समुद्र रंगवते. गंमत काय पळून जातेय?"

ती आली तेव्हा त्यांची मूठ माझ्यावरच होती. ती लगेच आली असती तर ते वाचले असते का, मला ठाऊक नाही.

पोरीने कितीतरी दिवस नीट खाल्लं नाही. मग हळूहळू ती भेटायला येणाऱ्यांना सांगू लागली, "जातानासुद्धा गंमत सांगायला बोलावत होते मला. हसतच गेले असतील." ऐकणारे डोळे पुसतात आणि हसतात. त्या एका वाक्यावर ती सावरली आहे. ते वाक्य खोटं आहे आणि ते खोटं मी बोललो आहे.

आता मी बाहेरच्या खोलीत भिंतीवर असतो. ती माझं पितळ घासून लख्ख ठेवते, पण फुग्याला हात लावत नाही. म्हणते, "हा आजोबांनीच वाजवायचा."

मित्रांनो, घरातली एखादी वस्तू जरा वेगळी वाजू लागली तर हसा खुशाल, पण त्याच दिवशी ती दुरुस्तही करा. आणि माझी एक विनंती आहे. कधी तिच्या घरी गेलात आणि मी भिंतीवर दिसलो, तर हात कितीही शिवशिवले तरी मला लांब दाबू नका. ती शेजारच्याच खोलीत असते.