झांजेच्या आड

मुलुंडच्या आमच्या मारुतीच्या मंडपावर उंबराची एक पोकळ फांदी झुकली होती. खाली कीर्तनाला माणसं बसतात, म्हणून विश्वस्त सहदेवकाकांनी ती सकाळी तोडायचं ठरवलं. माझा भाऊ नंदकिशोर सांगत होता, पोकळीत पिंगळ्याची पिल्लं आहेत.

"दाखव, मग थांबतो," काका म्हणाले. "नुसत्या सांगण्यावर नाही."

शिडी लावली किंवा फ्लॅश मारला, तर आई बिथरून पिल्लं टाकून जाईल. म्हणून संध्याकाळी आम्ही दोघं समोरच्या चाळीच्या गॅलरीत कॅमेरा स्टँडवर लावून बसलो.

"चारशेची फिल्म सोळाशेची समजून वापरतोय, ताई," नंदू कुजबुजला. "फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे येतील. पण या उजेडात दुसरा इलाज नाही."

पिंगळा बाहेर आला. नंदूने खटका दाबला. त्या आवाजासरशी पिंगळा आत.

"वाट लागली. आता एकच फोटो उरलाय."

खाली झांजा खणखणत होत्या, त्यांना तो भीत नव्हता.

"झांजेत दाब ना," मी म्हटलं.

"ती कधी वाजणार, मला काय ठाऊक?"

"मला ठाऊक आहे."

खाली कीर्तनात शिवदासबुवांचं आख्यान अशोकवनात आलं होतं. मारुतिराय झाडावर लपलेले, हातात रामाची अंगठी. ती खाली पडली की गजर होणार.

थोड्या वेळाने पिंगळा पुन्हा बाहेर उडाला आणि किडा घेऊन परतला. ढोलीतून एक गोल तोंड वर आलं. नेमके तेव्हाच बुवा थांबले. मंडप चिडीचूप.

"आता?"

"थांब."

"उजेड जातोय, ताई."

"थांब म्हणते ना."

बुवांनी डोळे पुसले. माझेही भरून आले होते, पण नजर ढोलीवरच होती. मग बुवांनी बोटं सोडली, अंगठी पडली, रामनामाचा गजर उठला. मी नंदूचा खांदा दाबला. खटका झाला. पिंगळा हलला नाही.

सकाळी फांदी तोडायला धाकू दोर आणि कुऱ्हाड घेऊन हजर. सगळ्यांना दिसावा म्हणून नंदूने फोटो केवढा तरी मोठा करून आणला होता. काकांनी तो नाकाशी धरला.

"यात पिंगळा कुठाय? नुसती रांगोळी सांडलीय."

धाकूने दोर फांदीवर टाकला. नंदूचा चेहरा उतरला. मी फोटो काढून घेतला आणि मारुतीसमोर उभी राहिले.

"काका, मागे जा."

"कुठे?"

"चपलांपाशी. बुवांच्या अगदी पुढ्यात बसलं की घशाची खरखर ऐकू येते. मागे बसलं की नुसतं गाणं."

"मागे बसायला मला विश्वस्त केलंय होय?" कुरकुरत ते गेले. वळले. डोळे बारीक करून त्यांनी फोटोकडे पाहिलं.

"चार डोळे आहेत," शेवटी म्हणाले. "धाकू, दोर काढ. चहा घे."

"परत कधी येऊ?"

"पिल्लं उडाली की. तोवर मंडप अलीकडे सरकवू." मग नंदूकडे वळून म्हणाले, "बुवांना सांगू का, झांजा जरा हळू?"

"नको काका. त्याला सवय आहे."