रिकामं तोंड

"तोंड मिटलं, ताई. आजोबा अजून बोलतायत."

रेकॉर्डिस्टने चित्र थांबवलं. पडद्यावर एक करडा बोका तोंड घट्ट मिटून बसला होता आणि काचेपलीकडच्या खोलीत आजोबा हातातला कागद नाकासमोर धरून उभे होते. स्टुडिओतले सगळेच त्यांना आजोबा म्हणायचे. साठी ओलांडलेला माणूस, पण आवाजात एक बारा वर्षांचा मुलगा होता आणि त्याच्या जिवावर त्यांचं घर चाललं होतं.

"लिहिलंय तेवढंच बोलतोय मी," आजोबा माइकमधून म्हणाले. "हिला सांगा, माणसाला मध्ये श्वास लागतो."

"तुम्ही माणूस नाही, बोका आहात," ती म्हणाली आणि पेन्सिलीने एक शब्द खोडला. "'पण मला' नको. नुसतं 'मला' म्हणा. एकदाच ओठ मिटतोय मेला."

आजोबा नुसतं 'मला' म्हणाले. बसलं.

हे तिचं काम. परक्या भाषेत बोलणाऱ्या कार्टूनच्या ओठांवर आपले शब्द बसवायचे. ओठ मिटले की प, ब, म यांतलं काहीतरी हवं, तोंड वासलं की आ हवा, आणि एवढं सांभाळून अर्थ जमला तर उत्तम. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. स्टुडिओत ती टाइप करायला म्हणून आली होती. दुसऱ्यांची न बसणारी वाक्यं टाइप करता करता परस्पर दुरुस्त करायला लागली आणि एक दिवस तिच्याकडे टायपिंग यायचं बंद झालं. चुकीच्या अर्थाला या धंद्यात माफी असते. माफी नसते ती रिकाम्या तोंडाला. ओठ हलतायत आणि आवाज नाही, हे दूध पिणाऱ्या पोरालाही कळतं.

सध्या चाललं होतं ते 'कंदील्या'चं. मूळचा तो व्हिडिओ गेम. हातात कंदील घेतलेला एक मुलगा बंद पडलेल्या खाणीत उतरतो आणि आत अडकलेल्यांना एकेक करून वर आणतो. कित्येक वर्षं त्या गेमचे भाग निघतच होते. एक खाण संपली की तिच्याखाली दुसरी सापडायची. पण इतक्या भागांत कंदील्या एक अक्षर बोललेला नव्हता. खेळणाऱ्याने त्याच्या जागी स्वतःला समजायचं, अशी त्यातली गंमत. पुढे त्याचं कार्टून निघालं. मुका नायक अर्धा अर्धा तास कोण बघणार? म्हणून त्याला तोंड दिलं. तेही काय, पत्र्याच्या डब्याचं झाकण उघडमीट करावं तसं. त्यात काहीही मावायचं. मूळ कार्टूनमध्ये कंदील्या खाणीत उतरताना "चला" एवढंच म्हणायचा. तिने त्याच्या तोंडी घातलं, "अंधाराला काय घाबरायचं? तो काय आपला सासरा आहे?" ते आजोबांच्या आवाजात असं काही बसलं की पोरं जिना उतरतानासुद्धा ओरडायला लागली. काही वर्षांनी दुसरी मालिका आली, तेव्हा चॅनलवाल्यांनी पहिली चौकशी सासऱ्याची केली. तिला मूल नव्हतं आणि तो विषय निघाला की ती चहाचे कप गोळा करायला उठायची. पण कंदील्या आपल्या भाषेत बोलायला शिकला तो तिच्याकडून.

आता तिसरी मालिका. कॉम्प्युटरवर बनवलेली. दात, जीभ, ओठाच्या कडेची सुरकुती, सगळं दिसत होतं. आणि बनवणाऱ्यांनी यावेळी ठरवलं होतं की गेममध्ये आहे तसंच करायचं. कंदील्या बोलणार नाही. म्हणून आजोबांच्या वाट्याला हा बोका आला होता.

तेवढ्यात मॅनेजर आत आला. तो कधीच बसायचा नाही. दाराला टेकूनच वाईट बातम्या द्यायचा.

"चॅनलचा फोन होता. त्यांना कंदील्या बोलता हवाय."

"त्याचं तोंडच हलत नाही," ती म्हणाली.

"तोंड दिसत नाही तिथे बोलेल ना. पाठमोरा असेल तिथे. लांबून, अंधारातून. हे मी तुम्हाला शिकवू का, ताई?"

शिकवायची गरज नव्हती. धंद्यातली ही सगळ्यात जुनी युक्ती. पाठमोऱ्या माणसाच्या तोंडी काहीही घालता येतं.

काचेपलीकडे आजोबांनी ऐकलं होतं. त्यांनी उगाचच शर्टाची कॉलर नीट केली. "सासरा पण येणार का?"

"आणायचाच!" मॅनेजर म्हणाला.

आजोबांनी तिथल्या तिथे म्हणून दाखवलं. बारा वर्षांचा मुलगा, तस्साच. रेकॉर्डिस्टने टाळ्या वाजवल्या. तीही हसली, आणि पाठमोऱ्या जागा शोधायला लागली.

घरी तिसऱ्या मजल्यावर तिचा नवरा खिडकीशी बसलेला असायचा. पूर्वी तो लिफ्ट दुरुस्त करायचा. आयुष्यभर लोकांना वरखाली करणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नव्हती, हा घरातला जुना विनोद होता. दोन वर्षांपूर्वी त्याला झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. पाय काठीच्या आधाराने थोडाफार परत आला. तीन जिने उतरण्याइतका नाही. वाचा आली नाही. ओठ मात्र हलायचे. मान हलवण्याचाही भरवसा नव्हता. हो म्हणायचं असताना नाहीची हलायची आणि त्याचा तोच चिडायचा.

वाचा सुधारायला येणारी मुलगी पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "काकू, त्यांचं वाक्य तुम्ही पूर्ण करायचं नाही. थांबायचं."

थांबणं तिला जमलं असतं तर काय हवं होतं! आजारपणात पहिल्यांदा कोणी भेटायला आलं, "कसं वाटतंय?" म्हणालं, आणि नवऱ्याचे ओठ हलले. नुसतेच. पाहुणा खाली बघायला लागला. तिला ते रिकामं तोंड सोसलं नाही. ती पटकन म्हणाली, "म्हणतायत, वायरिंग एका बाजूचं जळलंय, दुसरी बाजू चालू आहे." पाहुणा हसला, खोली हलकी झाली. नवरासुद्धा हसल्यासारखा दिसला. सुरुवातीला ती त्याच्या डोळ्यांकडे बघून बोलायची. मग नुसतं ओठांकडे. मग बघायचीही गरज राहिली नाही.

एकदा धाकटा दीर हसून हसून डोळे पुसत म्हणाला, "वहिनी, आजारी पडल्यापासून दादा किती विनोदी झालाय! आधी दिवसाला चार शब्द बोलायचा."

तीही हसली होती. कप विसळताना तिला कसंतरीच झालं. खरंच, लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या माणसाने एक विनोद केलेला तिला आठवत नव्हता.

आणि मागचा रविवार. दीर नेहमीसारखा आला होता. त्याचं घर गावाबाहेर, तळमजल्यावर. दारातून पाऊल टाकलं की अंगण. तो खुर्ची जवळ ओढून म्हणाला, "दादा, माझ्याकडे येतोस का राहायला? वहिनी दिवसभर कामावर, तू सांभाळायला येणाऱ्या मावशींच्या भरवशावर इथे कोंडलेला. तिकडे बाहेर बसशील, फिरशील."

नवऱ्याचे ओठ हलले. तो गेला तर या घरात संध्याकाळी कुणासाठी दार उघडायचं? तिने ओठांकडे पाहिलंही नाही.

"नाही म्हणतायत," ती म्हणाली. "तुमच्याकडे चहा फार पातळ असतो म्हणे."

दीर खो खो हसला. "अजून तसाच आहेस रे!"

नवरा हसला नाही. त्याने खुर्चीतल्या खुर्चीत अंग वळवलं आणि भिंतीकडे तोंड केलं. दीर जाईपर्यंत तो तसाच बसून होता. ते तिने पाहिलं, आणि आठवडाभर त्यावर काही ना काही रचत राहिली: थकले असतील, ऊन डोळ्यावर येत असेल.

शुक्रवारी कंदील्याचा तो प्रसंग आला. सगळे लोक खाणीतून वर आलेत. ज्या म्हाताऱ्याने कंदील्याला वाढवलं, तो त्याला विचारतो, "आता राहशील ना इथेच?" कंदील्या त्याच्याकडे बघत राहतो. मग वळतो. दोन पावलं टाकतो, थांबतो, आणि निघून जातो. पाठ दिसत होती, भरपूर जागा होती. तिने लिहिलं होतं, "येतोच हो परत! तुम्ही चहा टाकून ठेवा." आजोबांनी एका दमात दिलं. मॅनेजर खूश झाला, म्हणाला, यालाच म्हणतात अनुभव.

मग तपासणीसाठी रेकॉर्डिस्टने एकदा बिनआवाजाचं चित्र फिरवलं. ती चष्मा पुसता पुसता बघत होती. पोरगा वळला. दोन पावलं गेला आणि थांबला. कंदील धरलेला हात जरा खाली आला. मघाशी वाक्य होतं तेव्हा ते थांबणं म्हणजे नुसती बोलायची जागा वाटली होती. आता ते दिसलं. त्याला राहायचं होतं की जायचं होतं, त्याचं त्यालाही कळत नसावं. पण जे होतं ते त्याचं होतं, आणि त्याच्यावर ती चहा ओतून मोकळी झाली होती.

"हे वाक्य काढू या," ती म्हणाली.

"का? इतकं छान बसलंय."

"बसलंय. पण त्याचं नाहीये ते."

"त्याचं काय असतं, ताई?" मॅनेजर म्हणाला. "चित्र आहे ते."

काचेपलीकडून आजोबांचा खरा, थकलेला आवाज आला. "राहू दे गं. या भागात कंदील्याची म्हणून मला दोनच वाक्यं आहेत."

तिने आजोबांकडे पाहिलं. त्यांची कॉलर आजही नीट होती. वाक्य राहिलं.

रविवारी दीर आला. बूट काढता काढता त्याने भावाला टपली मारली, पाणी प्यायला, आणि हवापाण्याचं काही बोलणार तेवढ्यात ती म्हणाली, "भाऊजी, मागच्या वेळी विचारलं होतंत ना, ते परत विचारा."

"काय? राहायला येण्याचं? नाही म्हणाला की तो."

"मी म्हणाले होते."

दिराचं हसू अर्ध्यावर राहिलं. "म्हणजे?"

"म्हणजे मी म्हणाले होते. पातळ चहाही माझाच. तुम्ही विचारा, आणि थांबा. कितीही वेळ लागू दे, मध्ये बोलायचं नाही. मी आत आहे."

नवऱ्याकडे न बघताच ती स्वयंपाकघरात गेली. करण्यासारखं काही नव्हतं. सवयीने नळ सोडला, मग आवाज होतो म्हणून बंद केला.

"दादा," बाहेरून ऐकू आलं, "येतोस का रे माझ्याकडे? कायमचा म्हणत नाही. पण येतोस का?"

नवऱ्याच्या घशातून काहीतरी घोगरं आलं आणि विरलं. तिच्या जिभेवर आपोआप वाक्य तयार झालं, चांगलं होतं, बसणारं होतं. तिने ओट्याची कड धरली.

"वहिनी, मला काही कळत नाहीये. या ना बाहेर."

"परत विचारा," ती आतूनच म्हणाली.

दिराने परत विचारलं. जरा वेळाने आणखी एकदा. मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. काठी टेकली. पाऊल घासलं. पुन्हा काठी. तो आवाज स्वयंपाकघराच्या दाराकडे येत होता आणि तिने नकळत पदराला हात पुसले. आवाज दाराशी आला. दारावरून पुढे गेला.

ती बाहेर आली तेव्हा तो घराच्या मुख्य दाराशी उभा होता. काठी काखेत धरून डाव्या हाताने कडी काढत होता. कडी निघत नव्हती आणि तो मागे वळून बघत नव्हता.

"वहिनी," दीर कसाबसा म्हणाला, "मी काही मुद्दाम..."

"तीनदा विचारलंत. मी ऐकलं." ती पुढे झाली. कडी काढून द्यावी असं वाटलं, पण हात मागे घेतला. जरा खटपट केल्यावर कडी त्याची त्यालाच निघाली.

तिने बॅग भरली. शर्ट, गोळ्या, दाढीचं सामान. गोळ्यांच्या वेळा दिराला समजावल्या. "अंघोळीचं पाणी कोमट लागतं. आणि चहात साखर..." ती थांबली. "ते त्यांनाच विचारा."

जिने उतरायला फार वेळ लागला. दीर पुढे, ती मागे, मध्ये तो. पायरीवर एकेक पाऊल ठेवून तो दम खायचा आणि ती थांबायची. खाली पोचल्यावर तो उन्हात उभा राहिला आणि त्याने डोळे मिटून चेहरा वर केला. किती तरी महिन्यांनी तो आकाशाखाली आला होता. तिने घाई केली नाही. मग दोघांनी मिळून त्याला गाडीत बसवलं, पट्टा लावला, बॅग मागे टाकली.

दीर गाडी सुरू करणार, तेवढ्यात नवऱ्याने डावा हात काचेवर आपटला. दिराने काच खाली केली. तो तिच्याकडे बघत होता. ओठ हलायला लागले. मिटले, उघडले, परत मिटले. झटका आल्यापासून इतका वेळ ते कधी हलले नव्हते. आवाज नव्हता.

"काय म्हणतोय दादा, वहिनी?"

इतक्या वर्षांचा बसलेला हात. त्या ओठांवर नीट बसतील अशी निदान चार वाक्यं तिला उभ्या उभ्या दिसत होती, आणि चारही तिला ऐकायची होती.

"माहीत नाही," ती म्हणाली. "बोलू दे त्यांना."

दिराने किल्लीवरचा हात काढून घेतला. मागून एका गाडीने हॉर्न दिला, मग ती गाडी वळसा घालून पुढे गेली. नवऱ्याचं बोलून संपेपर्यंत ती खिडकीशी वाकून उभी राहिली.