दाराला टांगलेला मग

दादा रविवारी येणार म्हटल्यावर धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. एरवी वडिलांच्या चौकशीला तो फोनवरच असायचा. नानांना फळं देतेस ना, फिरायला नेतेस ना, डॉक्टर बदलून बघ ना. उंटावरून शेळ्या हाकायला फोनसारखं दुसरं साधन नाही. पण या वेळी तो वहिनीला घेऊन येणार होता, आणि कशासाठी ते त्यानं आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारी एक संस्था त्यानं बघून ठेवली होती. तिथं एक खोली रिकामी झाली होती.

"घर बघतो, नानांना बघतो," तो म्हणाला. "तुला झेपत नसेल, तर त्याच संध्याकाळी संस्थेला होकार कळवतो."

"मला झेपतंय. नाना आपलं आपलं सगळं करतात."

हे खरं होतं. फक्त ते कसं करतात, हे तिनं दादाला कधी सांगितलं नव्हतं.

नानांचं हार्डवेअरचं दुकान होतं. दुकानात भिंतभर लाकडी खण, आणि ज्या खणात जे असेल त्याचा एक नग खणाच्या तोंडाशी तारेनं बांधलेला. स्क्रूच्या खणावर स्क्रू, बिजागरीच्या खणावर बिजागरी, कडीच्या खणावर कडी. गिऱ्हाइकाचं मागून होईतो नानांचा हात खणात गेलेला असायचा. दुकान केव्हाच विकलं गेलं, आणि आता नानांचं डोकंही एकेक गोष्ट सोडून देत होतं. दाराआड गेलेली वस्तू त्यांच्या लेखी जगातच नव्हती. कपाट बंद झालं, की आपल्याला कपडे आहेत हेच ते विसरायचे आणि ओल्या टॉवेलवर बसून राहायचे. धाकटीनं आधी आरडाओरडा करून बघितला, मग रडून बघितलं. शेवटी एक दिवस वैतागून तिनं चमच्यांच्या खणाला बाहेरून एक चमचा बांधला. नाना आले, चमच्याकडे बघितलं, खण उघडला, आणि चमचा घेऊन चहा ढवळायला बसले. धाकटी तिथंच जमिनीवर बसली आणि हसत सुटली.

मग काय, बाईनं घराचं दुकानच करून टाकलं. कपबशांच्या कपाटाला कान तुटलेला कप. कपड्यांच्या कपाटाला बनियन. झोपायच्या खोलीच्या दाराला उशीचा अभ्रा, आणि बाथरूमच्या दाराला गुलाबी प्लॅस्टिकचा मग. जिन्याकडच्या दाराला मात्र काही नाही, म्हणून नाना तिकडे फिरकत नसत. दिसायला ते कसं दिसायचं, हे विचारूच नका. धाकटी घरीच पडदे शिवायची, आणि कापड घेऊन येणाऱ्या बायका बनियनकडे बघून नाकं मुरडायच्या. तीही त्यांच्याबरोबर हसायची. ज्याचं जळतं त्याला कळतं, असं मनात म्हणायची आणि मशीन चालवायची.

पण बायका वेगळ्या आणि वहिनी वेगळी. वहिनीच्या घरात टीव्हीचा रिमोटसुद्धा ठरलेल्या डबीत असतो. तिनं हे बघितलं तर काय म्हणेल, हे धाकटीला आत्ताच ऐकू येत होतं: अगं, नानांच्या नादानं तुझंही डोकं फिरलं की काय! आणि डोकं फिरलेल्या बाईच्या हातात दादा बापाला ठेवेल होय?

शनिवारी शेजारीण दोरा मागायला आली, तेव्हा हे ठेवू की काढू, असं धाकटीनं तिला विचारलं. शेजारणीनं घरभर नजर फिरवली.

"काढून ठेव बाई सगळं. दोन-तीन तासांचा प्रश्न. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि नाना अडले तर?"

"तू आहेस की. आणि त्यांना एका जागी बसवून ठेव."

धाकटीचा निर्णय काही होईना. ठेवावं तर दादा हसणार, काढावं तर नाना अडणार. चमचा सोडायची, परत बांधायची. आपलीच चोरी आपल्याच घरात, असं तिला होऊन गेलं. रविवारी सकाळी नाना झोपेत असताना तिनं पक्कड घेतली आणि सगळं उतरवलं. एका पिशवीत भरून पिशवी मशीनखाली ढकलली. घर इतकं चारचौघांसारखं दिसायला लागलं, की तिचं तिलाच बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची तिला पुढे फार लाज वाटायची होती.

नाना उठल्यावर तिनं त्यांना स्वतः बाथरूमला नेलं, कपडे दिले आणि बाहेर खुर्चीत बसवलं. ते सारखे भिंतींकडे बघत होते.

दादा आला तो बिस्किटांचे दोन पुडे आणि एक नवी शाल घेऊन. वहिनीनं आल्या आल्या चोहीकडे बघितलं.

"किती नीटनेटकं ठेवलंयस गं. मला वाटलं होतं, काय पसारा असेल."

धाकटीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. चहा झाला. नानांनी दादाला "बसा, बसा" म्हणून शाल मांडीवर ठेवून घेतली. आपला मुलगा म्हणून त्यांनी त्याला ओळखलं नव्हतं, पण ते अलीकडे धाकटीलाही दिवसाआड ओळखायचे. दादानं संस्थेचं बोलायला सुरुवात केली. तिथं नर्स आहे, बाग आहे, खोल्या स्वच्छ आहेत. धाकटी मान डोलवत होती. तिचं लक्ष नानांकडे होतं, कारण नाना उठले होते.

त्यांना बाथरूमला जायचं होतं. त्यांच्या चालण्यावरून तिला ते कळलं. उठून हात धरावा, तर दादा म्हणणार, हे एकटे बाथरूमलासुद्धा जाऊ शकत नाहीत. आणि तिनं तर छाती ठोकून सांगितलं होतं. जातील, दार समोरच आहे, रोज जातात. ती बसून राहिली.

नाना बाथरूमच्या दारापाशी गेले. दारावर, मग टांगलेला असायचा तिथं, त्यांनी तळहात ठेवला. हात खाली-वर फिरवला. मग पुढच्या दाराकडे गेले, तिथंही तसाच हात फिरवला. कपाटावर फिरवला. परत बाथरूमच्या दारापाशी आले.

"नाना, काही हवंय का?" वहिनीनं विचारलं.

"नाही, नाही. तुमचं चालू द्या," नाना म्हणाले. आवाज परक्याच्या घरी बोलावा तसा.

"हं, तर नर्स दिवसभर असते," दादा पुढे म्हणाला. धाकटीला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. ऊठ, असं ती स्वतःला म्हणत होती. ऊठ गं. तेवढ्यात नानांनी जिन्याकडचं दार उघडलं आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं.

कपबशी कुठं पडली हे तिला कळलंच नाही. तिनं धावत जाऊन पहिल्या पायरीवर त्यांना धरलं. त्यांचा पायजमा भिजला होता. खाली फरशीवरही पाणी झालं होतं. नानांनी स्वतःकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"माफ करा हं बाई," ते हळूच म्हणाले. "मी या घरात नवीन आहे."

धाकटीच्या काळजाचं पाणी पाणी झालं. तीस वर्षं या घरात राहिलेल्या माणसाला तिनं एका सकाळीत पाहुणा करून टाकलं होतं.

मागे दादा उभा होता. त्याचा चेहरा उतरला होता.

"हे आपलं आपलं करतात होय?" तो म्हणाला. "पडले असते आत्ता. बास झालं. मी संस्थेला फोन करतो."

"थांब," धाकटी म्हणाली. "चूक माझी आहे. मी घर लपवलंय."

दादाला काही कळेना. तिनं आधी नानांचे कपडे बदलले. मग मशीनखालची पिशवी ओढली आणि फरशीवर पालथी केली. चमचा, कप, बनियन, अभ्रा, मग, तारा, पक्कड. वहिनीनं तोंडाला पदर लावला. धाकटीनं कोणाकडे न बघता पक्कड घेतली आणि गुलाबी मग बाथरूमच्या दाराला बांधायला लागली. तार काही केल्या बसेना.

"तुम्ही याल म्हणून काढलं सगळं," ती म्हणाली. रडू आवरत नव्हतं, तिनं ते आवरलंही नाही. "मला लाज वाटली. वेड्याचं घर दिसतं ना हे. पण हे असलं की ते पाणी घेतात, कपडे घालतात, बाथरूमला जातात. तुझ्या त्या संस्थेत सगळी दारं सारखी असतील, दादा. तिथं ते रोज असेच उभे राहतील."

दादानं तिच्या हातातून पक्कड घेतली.

"अशी नाही बसायची," तो म्हणाला. तारेला दोन पीळ दिले, राहिलेलं टोक आत वळवलं आणि अंगठ्यानं दाबलं. गुलाबी मग दाराला घट्ट बसला. पाठोपाठ त्यानं चमचा घेतला, कप घेतला. बोटं आपोआप चालत होती. शाळा सुटल्यावर त्यानं दुकानात बसून असे शेकडो नग बांधले होते, आणि टोक बाहेर राहिलं की नानांचा धपाटा खाल्ला होता. गिऱ्हाइकाच्या बोटाला तार लागता कामा नये, हा दुकानाचा कायदा होता.

नाना खुर्चीतून उठून त्याच्यामागे येऊन उभे राहिले. त्यांनी गुलाबी मगाच्या तारेवरून अंगठा फिरवला. चमच्याच्या तारेवरून फिरवला. कुठंच टोचलं नाही.

"हात चांगला आहे तुमचा," ते दादाला म्हणाले. "कुठं होता इतके दिवस?"

दादा बनियनला तार लावायला लागला.

"उद्यापासून येत जा," नाना म्हणाले. "वेळेवर यायचं."

"येतो," दादा म्हणाला.

वहिनीनं हळूच त्याच्यापुढे फोन धरला. संस्थेला कळवायचं होतं. दादानं हातातली पक्कड खाली ठेवली आणि तिथंच, नानांच्या देखत, खोली नको म्हणून सांगितलं.