बारा वाजून चार मिनिटं

खाणीतले सगळे निरोप थोरलीच्या सर्व्हरमधून जायचे. खालच्याने मोबाइलवर लिहायचं, खाणीच्या तोंडाशी बसवलेल्या डब्याने उचलायचं, सर्व्हरने पुढे ढकलायचं. लाइन गेली की निरोप डब्यातच अडकून बसायचे. आली की एकेक सुटायचे.

साहेबांचं रोजचं रडगाणं. "कालच्या वेळेचे निरोप आज येतात. वरचे मला झाडतात. असं दिसायला नको."

"मग लाइन दुरुस्त करा की."

"तू फार शहाणी आहेस."

थोरलीचं डोकं सटकलं. तिने प्रोग्रामात एकच ओळ बदलली. निरोप लिहिल्याची वेळ काढली, सर्व्हरने पुढे पाठवल्याची घातली. घ्या, सगळं ताजं. साहेब खूश.

आज बाराला सुरुंग होता. खरं तर कालच व्हायचा, पण खालून निरोप आला नाही म्हणून रद्द झाला. नियम साधा होता. बारक्याने 'खाली कुणी नाही' कळवायचं, मगच वर सुरुंगवाल्या काकांनी कळ दाबायची. बारक्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ.

अकरा बावन्नला बारक्याचा तो निरोप आला, काकांकडे गेला. तिने जांभई दिली. मागोमाग बारक्याचाच दुसरा आला: 'किल्ली विसरलो. दार उघडं ठेव.'

जांभई तिथेच अडकली. किल्ली तो काल विसरला होता. संध्याकाळी दारात उभा राहून भांडला होता, मेसेज केला होता म्हणून.

म्हणजे आधीचाही कालचा. आणि बारक्या अजून खाली.

तिने काकांना लिहिलं: 'थांबा. निरोप कालचा आहे.' मग फोन लावला. रिंग वाजत राहिली. एकदा निरोप वाचला की काका मोबाइल खिशात टाकायचे आणि मग कुणाच्या बापाचा फोन घ्यायचे नाहीत. तिने बारक्याला लावला. लागला नाही.

भोंगा वाजला. खिडकीची काच थरथरली. टेबलावरच्या कपातला चहा हलला आणि शांत झाला.

स्क्रीनवर निरोप आला. बारक्या, बारा वाजून चार मिनिटं: 'वर आलोय. भूक लागलीये.'

थोरली हसली नाही. वर तो कालही आला होता. वेळेकडे तिने बघितलंसुद्धा नाही, ती तिनेच बसवलेली होती. तिने लिहिलं: 'काल दारात मी तुला काय म्हणाले?'

डब्यात तिच्या प्रश्नाआधीचाच अजून एक निरोप शिल्लक दिसत होता. तो सुटला.

बारक्या, बारा वाजून सहा: 'बरं, येतो.'