मिठाच्या डब्याला कुलूप

सोमवारी दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी कारखान्याच्या सिस्टरने कॅन्टीनमधल्या मिठाच्या डब्याला कुलूप घातलं आणि किल्ली कोटाच्या खिशात टाकली. जेवणाच्या रांगेतले चाळीस जण बघत होते. स्वयंपाकीणही बघत होती. हातातली पळी तिने खाली ठेवली नाही.

"माझ्यावर संशय आहे?"

"संशय नाही, ताई. आकडा आहे."

आकडा स्वयंपाकिणीच्या दिराच्या रक्तदाबाचा होता. तो अठरा वर्षं पुठ्ठे कापायच्या यंत्रावर होता. चार महिन्यांपूर्वी छातीत कळ येऊन यंत्रापाशीच खाली बसला. तेव्हापासून त्याला फाटकावर बसवलं होतं. आकडा उतरला तर यंत्र परत, नाहीतर कायमचं फाटक. शेवटची तपासणी याच शुक्रवारी होती.

दुसरा कुणी असा खाली बसू नये म्हणून सिस्टरने महिनाभर मोहीम चालवली होती. भिंतीवर ताटाचं भलंमोठं चित्र, त्यात अर्ध्या ताटात भाजी. दर मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं व्याख्यान. पातेल्यात मीठ निम्मं, तेही मोजून. बाकीच्यांचे आकडे थोडे खाली आले. दिराचा वर गेला. त्याची भाजी तर वहिनी वेगळ्या पातेल्यात, मिठाचा कणही न घालता करत होती. निदान ती तसं सांगत होती, असं सिस्टरच्या वहीत लिहिलेलं होतं.

वहिनीचा संशय दिरावर. त्याच संध्याकाळी तिने खुंटीवरच्या त्याच्या शर्टाचे खिसे उलटे केले. शिट्टी निघाली, चुरगळलेला रुमाल निघाला.

"काय शोधताय, वहिनी?" दीर दारात उभा होता.

"मीठ."

"सापडलं तर चिमूटभर मलाही द्या. महिनाभर गवत खातोय."

"कुठेतरी पाणी मुरतंय, भाऊजी."

"त्या बाईचं मशीनच बिघडलंय. चित्रातल्यासारखं अर्धं ताट भाजी मी एकटाच खातो. बाकीचे दोन घास घेऊन उठतात. तरी चोर मीच."

मंगळवारी कॅन्टीनमध्ये तिने त्याच्या ताटावरची नजर हलवली नाही. त्याने भाजी दोनदा घेतली. खिशाकडे हात गेला नाही. शेवटी तिने त्याच्या ताटातला कोबीचा तुकडा उचलून तोंडात टाकला. आजवर ती भाजी तिने चाखली नव्हती. ज्यात मीठच घातलं नाही, त्यात चाखायचं काय?

कोबी खारट होता. नेहमीच्या भाजीपेक्षा कमी, पण खारट.

दीर तिच्याकडे बघत राहिला. "काय झालं?"

"जेवा. नको, थांबा. जेवू नका." ती ताट घेऊन मागच्या मोरीकडे गेली.

मोरीपाशी भाजी चिरणारी मावशी बसली होती. शेजारच्या घंगाळात उद्याचा कोबी आणि फ्लॉवर बुडवून ठेवलेले. कोपऱ्यात जाड्या मिठाचं पोतं. वहिनीने घंगाळात बोट बुडवून जिभेला लावलं.

"मावशी, या पाण्यात मीठ किती घालता?"

"मोजतंय कोण? दोन ओंजळी. भाजी काळी पडत नाही, आळ्या वर येतात. वीस वर्षं हेच चाललंय."

"रात्रभर ठेवता? आणि नंतर धुता?"

"धुतली तर चव जाते की." मावशीने विळी थांबवली. "डब्याला कुलूप घातलंय ना तुमच्या सिस्टरने? मग झालं तर. हे काय मीठ आहे? हे पाणी आहे."

वहिनीने घंगाळ मोरीत उपडं केलं. सिस्टरला सांगावं तर मीठ तिच्याच स्वयंपाकघरातून जात होतं, म्हणजे कुलूप योग्यच होतं असं होणार, न सांगावं तर शुक्रवार समोर होता. तिने सांगितलं. सिस्टरने पोत्याचं वजन केलं, वहीत टिपलं आणि वर बघितलं.

"आजच कसं सापडलं, ताई?"

भाजी तेव्हापासून साध्या पाण्यात धुतली जाऊ लागली. डब्याचं कुलूप मात्र निघालं नाही.

शुक्रवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी दीर सिस्टरच्या खोलीत गेला. साडेदहाला सिस्टर बाहेर आली, "एवढा कसा उतरला?" असं पुटपुटत रक्तदाबाचं दुसरं मशीन घेऊन आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. पावणेअकरा वाजता ते बंदच होतं.